छातीला शेक घेतला असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना ते आधी सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आई आता हिंडूफिरू लागली आहे, म्हणून आज बसले.

आईला १९९८ साली डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. ऑपरेशन झालं, मग लाल औषधाची केमो, मग पंचवीस शेक. आमच्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणायचे, कुणी लाईट म्हणायचं. किरण कोबाल्टच्या मशीनमधून द्यायचे. मी नववीत होते. आई पहाटेच्या एसटीने जायची, दुपारी परत यायची, आणि कातडी भाजल्यासारखी झालेली असतानाही संध्याकाळी भाकऱ्या थापायची. त्या शेकांनी मला माझी आई आणखी पंचवीस वर्षं दिली. हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी उलटा अर्थ काढू नये.

२०२३ मध्ये तिला दोन जिने चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. कधी जबडा दुखायचा, कधी पाठीत भरून यायचं. शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल बरं. ईसीजी झाला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने गेले. एक दिवस भाजी निवडता निवडता ती घामाने ओलीचिंब झाली, तेव्हा अँजिओग्राफी झाली. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी मोठी धमनी, अगदी तोंडाशीच नव्वद टक्के बंद. बायपास ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सर्जनच्या हाताखालची एक तरुण डॉक्टर आईला तपासायला आली. गाऊन बाजूला केला आणि ती थांबलीच. आईच्या छातीवर चार निळे ठिपके आहेत, सुईने टोचलेले, गोंदणासारखे. त्यांच्यामधली कातडी चौकोनी आकारात काळपट, ताठर. आणि त्या चौकोनात लाल-जांभळ्या बारीक रेषांचं जाळं, कोळ्याने विणल्यासारखं. आम्ही ते पंचवीस वर्षं बघत होतो. तिने विचारलं, "आजी, तुम्हाला इथे शेक दिलेत का?"

तोवर हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. भरती करताना आधीच्या ऑपरेशनांच्या रकान्यात आम्ही "स्तनाचं ऑपरेशन, १९९८" लिहिलं होतं. शेकासाठी रकानाच नव्हता, आणि आम्हालाही सुचलं नाही.

त्यानंतर सगळा बेत पुन्हा तपासला गेला. बायपाससाठी छातीच्या आतल्या बाजूची जी धमनी वापरतात, ती शेकाच्या पट्ट्यात येते. ती ठीक आहे का हे वेगळं बघितलं. सुदैवाने ती चांगली निघाली. पण आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं, ऑपरेशन लांबलं, आणि छातीची जखम भरायला दोन महिने लागले. सर्जन नंतर म्हणाले, "हे टेबलावर कळलं असतं तर अवघड झालं असतं."

इथे डॉक्टर, संशोधक, रेडिएशन विभागात काम करणारे बरेच जण आहेत. शेकाने रक्तवाहिनीचं नेमकं काय होतं? आणि इतक्या वर्षांनी कसं? त्या लाल रेषा काय आहेत? सोप्या मराठीत सांगाल का?

जास्वंद

काकूंना नमस्कार सांगा. त्या तरुण डॉक्टरलाही. कातडी बघून थांबणारे डॉक्टर हवेत.

पेशीबाग

रानजाई, तुम्ही त्या रेषांबद्दल विचारलंत, तिथूनच सुरू करतो, कारण उत्तर तिथेच दिसतं आहे. मी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काम करतो, डॉक्टर नाही.

मोठ्यात मोठ्या महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक नळीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. केशवाहिनी तर जवळजवळ नुसत्या या अस्तराचीच बनलेली असते. ती इतकी अरुंद असते की तांबडी पेशी अंग दुमडून पलीकडे जाते. हे अस्तर फार कामसू असतं. रक्त गुठळी न होता वाहतं ठेवणं, नळी कधी सैल सोडायची कधी आवळायची ते ठरवणं, पांढऱ्या पेशींना कुठे आत सोडायचं ते बघणं, हे सगळं त्याच्याकडे. नळी सैल सोडण्यासाठी या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतात. त्या शोधासाठी १९९८ साली तिघांना नोबेल मिळालं. तुमच्या आईंना शेक मिळाले त्याच वर्षी.

आता किरण येतात. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. १ ग्रे मात्रेने एका पेशीच्या डीएनएत साधारण हजारभर एकेरी आणि चाळीसेक दुहेरी तुटी होतात. एकेरी तुटी पेशी बहुतेक सहज जोडते. दुहेरी तुटताना मात्र दोन्ही धागे एकाच जागी सुटतात आणि जोड चुकू शकतो. भराभर विभागणारी कॅन्सरची पेशी अशा चुकीच्या जोडासकट विभागायला जाते आणि मरते, म्हणून तर उपचार लागू पडतो. अस्तराची पेशी सावकाश विभागणारी. ती लगेच मरत नाही. ती म्हातारी होते.

हे मी रोज डोळ्यांनी बघतो. नाळेच्या शिरेतून काढलेल्या अस्तरपेशी आम्ही बशीत वाढवतो. निरोगी असताना त्या सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या वाड्याच्या अंगणातल्या फरसबंदीसारख्या दिसतात, एकीला एक लागून, नीट बसलेल्या. किरण दिल्यावर दोन-चार दिवस काही विशेष दिसत नाही. आठवड्याभराने मधूनमधून काही पेशी फुगून पसरट होतात, ओट्यावर सांडलेल्या पिठासारख्या. कडा सुटतात, फटी पडतात. म्हाताऱ्या पेशी ओळखायचा एक रंग आहे, त्याने त्या पसरट पेशी निळ्या होतात. पहिल्यांदा अशी निळी बशी बघितली तेव्हा मी बराच वेळ तिच्यासमोरून उठलो नव्हतो. पेशी जिवंत होत्या, पण विभागणार कधीच नव्हत्या.

आणि अशी पेशी गप्प बसत नाही. ती सूज आणणारे रेणू सतत सोडत राहते, शेजारणींनाही म्हातारं करते. नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, त्याच्या जागी पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे रेणू वाढतात. पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उगवतात, त्यांना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अडकतात. फटींतून कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. मोठ्या धमनीत हे वर्षानुवर्षं चाललं की ब्लॉक तयार होतो. लहान वाहिन्यांत त्याहून वेगळं होतं. केशवाहिन्या एकेक करून बंद पडतात, नाहीशा होतात, भोवती चिवट तंतू भरतात. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सशांच्या हृदयावर जे प्रयोग झाले त्यांत हेच दिसलं होतं. हृदयाच्या स्नायूपेशी आधी टिकून राहिल्या, केशवाहिन्यांचं अस्तर आधी बिघडलं, आणि मग रक्ताविना स्नायू सुकला.

तुमच्या आईंच्या कातडीवरच्या रेषा म्हणजे उरलेल्या केशवाहिन्या आहेत. बाकीच्या गेल्या, आणि सगळ्या रक्ताचा भार या थोड्यांवर आल्याने त्या ताणून रुंद झाल्या. कातडी पातळ असल्याने त्या दिसतात. त्याच किरणांच्या वाटेत बरगडीच्या मागे हृदयाची पुढची बाजू होती, आणि तिथून एलएडी जाते.

मोगरा_३१

मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. मलाही स्तनाचा कॅन्सर आहे, डाव्या बाजूलाच. वय ४६. गाठ काढली, गाठीभोवतीचा भागच फक्त काढलाय. पुढच्या आठवड्यात प्लॅनिंगचं सीटी आहे आणि मग पंधरा सिटिंग. काल रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. नवऱ्याला म्हटलं, नकोच घेऊ या. तो म्हणाला आधी तिथे विचार. खरं सांगा, नाही म्हणू का?

रानजाई

मोगरा, अगं नको. म्हणून तर मी सुरुवातीलाच लिहिलं. मी दहावी, बारावी, लग्न, माझी बाळंतपणं, सगळं आईच्या साक्षीने केलं. तिला विचारलं तर ती आजही म्हणते, पुन्हा घ्यायला लागले तर घेईन. फक्त आता जे नवीन निघालंय ते मागून घे. इथले जाणकार सांगतीलच.

समस्थानिक

मी रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे किरणांची मात्रा आखणारा, सोळा वर्षं. मोगराताई, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, फायद्याचं. गाठ काढल्यावर शेक दिले आणि दिले नाहीत अशा १७ चाचण्यांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती २०११ साली एकत्र मांडली गेली. शेकाने दहा वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आलं. पंधरा वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर.

आता हृदयाचं. २०१३ साली स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १९५८ ते २००१ या काळात शेक घेतले होते. हृदयाला मिळालेली सरासरी मात्रा १ ग्रेने वाढली की हार्ट ॲटॅकसारख्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढतं, असं निघालं. अमुक मात्रेखाली धोका नाहीच, असा उंबरठा सापडला नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि विसाव्या वर्षानंतरही चालू राहते. रानजाईंच्या आईंचं पंचविसाव्या वर्षी का झालं, त्याचं उत्तर इथे आहे.

पण ७.४ टक्के कशाचे, हे समजून घ्या. त्याच अभ्यासात एक उदाहरण आहे. पन्नाशीची स्त्री, हृदयाचा दुसरा कुठलाही धोका नाही, हृदयाला सरासरी ३ ग्रे मात्रा. ऐंशीच्या आत हृदयविकाराने मृत्यूची शक्यता १.९ टक्क्यांवरून २.४ टक्के होते. म्हणजे दोनशे जणींत एक जास्त. ही एकही कमी व्हावी यासाठीच आम्ही रोज धडपडतो, पण त्या भीतीने शेक नाकारणं म्हणजे मोठा धोका पत्करणं. बीपी, शुगर किंवा तंबाखू असेल तर मुळातला धोकाच जास्त असतो, त्यामुळे वाढही जास्त भोवते.

१९९८ मध्ये बऱ्याच ठिकाणी कोबाल्टवर बेत ठरायचा तो कातडीवरच्या खुणा आणि एक्स-रे फिल्म बघून. हृदय कुठे, किती आत, ते नीट दिसतच नसे. आज प्लॅनिंग सीटीवर आम्ही प्रत्येक कापावर हृदयाची कड हाताने आखतो, एलएडीसुद्धा आखतो, आणि किरणांचा कोन त्यानुसार फिरवतो.

आणि डाव्या बाजूसाठी श्वास रोखण्याची पद्धत आहे. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं, हृदय खाली आणि मागे सरकतं, छातीच्या भिंतीपासून दूर जातं. तेवढ्या वीसेक सेकंदांतच किरण चालू. श्वास सुटला की मशीन थांबतं. कुठे तोंडात नळी आणि नाकाला चिमटा देऊन श्वास मोजतात, कुठे छातीवर ठेवलेल्या छोट्या ठोकळ्यावर कॅमेरा रोखलेला असतो. अनेक जणींत हृदयाची मात्रा याने निम्म्याच्या आसपास उतरते. सीटीच्या पडद्यावर आधीचा आणि नंतरचा काप शेजारी ठेवले की हृदय आणि छातीची भिंत यांच्यामध्ये फुप्फुसाची काळी फट उघडलेली दिसते. मला ती फट बघून आजही बरं वाटतं.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मला श्वास रोखून देता येईल का. हृदयाची सरासरी मात्रा किती येते आहे. आणि एलएडीची किती, कारण सरासरी कमी असूनही त्या एका धमनीच्या तुकड्याला जास्त बसू शकते. हे विचारायला संकोच करू नका, आम्ही हे आकडे रोज बघतोच. आजपासून खोल श्वास घेऊन वीसपर्यंत मोजायचा सराव करा, उताणं पडून, डावा हात डोक्यावर घेऊन.

मोगरा_३१

वाचलं. दोनदा वाचलं. आज सकाळी श्वास धरून मोजलं, अकरा आकड्यांपर्यंतच जमलं. करते सराव.

नदीकाठ

मी काही वर्षं जपानमध्ये होतो. कामानिमित्त हिरोशिमाला गेलो तेव्हा हिजियामा टेकडीवरची संशोधनसंस्था बघितली होती. १९४७ पासून, आधी अमेरिकनांनी आणि १९७५ पासून दोन्ही देशांनी मिळून, बॉम्बमधून वाचलेल्यांचा पाठपुरावा तिथे चालला. काही हजार लोक १९५८ पासून दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिले. तिथल्या एका कर्मचाऱ्याने सांगितलेलं मनात राहिलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळ्यांचं लक्ष रक्ताच्या आणि इतर कॅन्सरवर होतं. हृदयाचं चित्र फार उशिरा स्पष्ट झालं, कारण हृदयविकार सगळ्यांनाच होतो, त्यातला किरणांचा वाटा वेगळा काढायला पन्नास वर्षांच्या नोंदी लागल्या.

२०१० साली तो हिशेब प्रसिद्ध झाला. १९५० ते २००३ पर्यंतच्या ८६,६११ लोकांच्या नोंदी. दर ग्रेमागे हृदयविकाराचे मृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी जास्त, पक्षाघाताचे सुमारे ९ टक्क्यांनी. तिथे मात्रा छातीच्या एका बाजूला नव्हती, एका क्षणात सगळ्या शरीराला बसली होती. रशियात उरल पर्वताकडच्या मायाक अणुकारखान्यातल्या कामगारांना ती वर्षानुवर्षं थोडी थोडी मिळाली, तिथेही रक्ताभिसरणाचे आजार मात्रेबरोबर वाढलेले दिसले. तीन वेगळ्या वाटांनी मात्रा आली आणि रोख एकाच गोष्टीकडे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेशीबाग

नदीकाठ, अगदी. याची दुसरी बाजूही सांगतो. अस्तरावरचा हाच परिणाम डॉक्टर मुद्दाम वापरतातही. मेंदूत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता असतो, फुटला तर जीव जाऊ शकतो. त्यावर गॅमा नाइफने एका बैठकीत नेमके किरण देतात. दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. मग अस्तर सुजत, जाड होत, दोन-तीन वर्षांत त्या वाहिन्या आपोआप बंद होतात. किरण एका क्षणाचे, काम दोन वर्षांचं. उशिरा का होतं या प्रश्नाचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

शिसेपट

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी होते तिथे, टेक्निशियन आहे, पश्चिम महाराष्ट्रात. इथे सगळं रुग्णांविषयी चाललंय, आमच्याविषयीही लिहितो.

आम्ही रोज अर्धा मिलिमीटर शिशाइतका आडोसा देणारा ॲप्रन घालून उभे असतो, सहा-सात किलोचा. गळ्याला थायरॉइड कॉलर. ॲप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज, अंगावर पडलेले किरण नोंदवणारा, तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे आमच्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलीसिव्हर्ट (शरीराला बसलेल्या किरणांचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा. नीट काम केलं तर वर्षाचा आकडा याच्या खूप खाली राहतो.

पण नीट काम करणं म्हणजे काय ते सांगतो. मी नवीन असताना बॅज ॲप्रनसकट खुंटीला लटकून राहायचा, आणि घाईच्या केसला कॉलर न घालता आत पळायचो. वरिष्ठ नर्स ताईंनी एकदा दारात हात आडवा घातला. म्हणाल्या, "पेशंटला एकदाच घ्यायचे आहेत हे किरण, तुला तीस वर्षं." तेव्हापासून एकदाही चुकलो नाही. रुग्णाच्या अंगावरून उडून येणारे किरण आमच्याकडे येतात, आणि टेबलाच्या उजवीकडे उभं राहणाऱ्या डॉक्टरांच्या डाव्या बाजूला जास्त बसतात. छताला टांगलेली शिशाची काच पुढे ओढायला दोन सेकंद लागतात. नव्या मुलांनो, ती ओढा.

रानजाई, एक सांगायचं राहिलं. तुमच्या आईंसारखी केस आमच्याकडे अँजिओला आली की आता मी स्वतः विचारतो, छातीला शेक घेतलेत का. फायलीत नसतंच ते.

आंबोळी

एक साधी शंका. मला वर्षात दोन छातीचे एक्स-रे आणि एक सीटी झालाय. यानेही हृदयाचं अस्तर बिघडतं का?

समस्थानिक

आंबोळी, प्रमाण बघा. छातीचा एक एक्स-रे म्हणजे ०.१ मिलीसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. छातीचा सीटी साधारण सातच्या आसपास. जगात माणसाला मातीतून, आकाशातून, अन्नातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. किरणांपासून संरक्षणाचं बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने रक्ताभिसरणाच्या आजारांसाठी जी सावधगिरीची मात्रा धरली आहे ती ०.५ ग्रे, म्हणजे अशा तपासण्यांच्या भाषेत ५०० मिलीसिव्हर्ट. त्याखाली धोका थोडा तरी आहे का यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. डॉक्टरांनी कारणाने सांगितलेला सीटी टाळू नका. उगाच मनाने, पॅकेज स्वस्त आहे म्हणून, दरवर्षी करून घेऊ नका.

सायंतारा

मी इथे फक्त वाचत असते. १९९१ साली, १९ वर्षांची असताना, मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. मान, काखा आणि छातीचा मधला भाग असे एकत्र शेक मिळाले. २०१९ मध्ये महाधमनीची झडप कडक झाल्याचं कळलं आणि ती बदलावी लागली. माझ्याकडे ब्लॉक नव्हते, झडपच चुनखडीसारखी झाली होती. त्यामुळे कुणाला वाटू नये की फक्त धमन्यांचंच बघायचं. झडप, हृदयाभोवतीचं आवरण, ठोक्यांची वायरिंग, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. माझ्या आताच्या डॉक्टरांनी सांगितलं की छातीला जास्त मात्रा मिळालेल्यांनी काही त्रास नसला तरी पाच वर्षांनंतर ठरावीक काळाने हृदय तपासून घ्यावं. अठ्ठावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी मैत्रीण, त्याच वॉर्डातली, मला तेव्हा वेणी घालून द्यायची, तिला अजून सांगायचं आहे. तिचा पत्ता शोधते आहे.

पेशीबाग

सायंताराताई, मैत्रीण सापडू दे. मनापासून.

रानजाई, एक मुद्दा तुमच्या लिहिण्यातून सुटला तर चुकीचा अर्थ होईल म्हणून लिहितो. इको नॉर्मल होता म्हणून चार महिने गेले ना? इको मुख्यतः पंप किती जोरात चालतो आणि झडपा कशा आहेत ते दाखवतो. केमोचं लाल औषध हृदयाच्या स्नायूला मारू शकतं, ते इकोत दिसू शकतं. शेक वाहिन्यांना मारतो, आणि धमनी नव्वद टक्के अडलेली असतानाही बसल्या जागी इको नॉर्मल येऊ शकतो. धाप लागत असेल आणि शेकांचा इतिहास असेल, तर स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

ओवीकार

आमच्या भागात अजून पुष्कळ बायका मिश्री लावतात, कॅन्सरचे उपचार चालू असतानाही. सिगारेट नाही ना, मग चालतं, असं समजतात. निकोटीन तेच, आणि त्याने रक्तवाहिन्या आवळतातच. आधीच दुखावलेल्या अस्तरावर दिवसातून चारदा तो मार नको. मी आशाताईंबरोबर घरोघरी जाते तेव्हा हे आता सांगायला लागेन.

रानजाई

किती शिकले मी या धाग्यात. पेशीबाग, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने ब्लाउजच्या गळ्यातून त्या रेषांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हणजे या उरलेल्या आहेत. कामाच्या आहेत."

आईच्या पर्समध्ये मी एक कार्ड करून ठेवलंय, आधार कार्डाच्या मागे, लॅमिनेट करून. त्यावर एवढंच लिहिलंय: "१९९८ मध्ये डाव्या छातीला रेडिएशन, कोबाल्ट, २५ सिटिंग. लाल औषधाची केमो. २०२३ मध्ये बायपास." जुनी फाइल वाळवीने खाल्ली होती, पण डिस्चार्जच्या कागदाचा एक तुकडा वाचला, त्यावर ५० ग्रे हा आकडा होता. तोही लिहिला. ज्यांच्या घरी अशी फाइल आहे त्यांनी आज माळ्यावरून काढून फोटो काढून ठेवा.

मोगरा_३१

आज पहिलं सिटिंग झालं.

सीटीच्या दिवशी घाबरत घाबरत तिन्ही प्रश्न विचारले, चिठ्ठीवर लिहून नेले होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, कुणी शिकवलं तुम्हाला? आणि शेजारी बसवून पडद्यावर दाखवलं. साध्या श्वासातलं हृदय छातीला टेकलेलं. खोल श्वासातलं मागे सरकलेलं, मध्ये काळी फट. समस्थानिकदादा, तुम्ही म्हणालात तीच. मी माझं हृदय आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आज टेबलावर उताणी, डावा हात वर, खोली थंडगार. आतून आवाज आला, "श्वास घ्या, धरा." मी मनात मोजत होते. सराव वीसचा होता, आज बावीसपर्यंत गेले, मग "सोडा". असं चार वेळा. एवढंच.

फाइलवर लिहून घेतलंय: हृदयाची सरासरी मात्रा १.८ ग्रे. उद्या दुसरं.